बँड कुठाय? : सत्तरीतला गायक, एक डीजे आणि जमैकन साउंड सिस्टीम

चहाबाज | रविवार, दुपारी १:१०

काल रात्री इथे इंग्लंडात, लीड्समध्ये एका रेगे (जमैकाचं संगीत) कार्यक्रमाला जाऊन आलो. कान अजून शांत झालेले नाहीत, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं रेगेचं ज्ञान म्हणजे कॉलेजात असताना गोव्याहून आणलेला मार्लेचा टी-शर्ट. तो चार वर्षं घातला, संपलं. ऑफिसातल्या एका मित्राचे आजी-आजोबा जमैकाहून इकडे आलेले, त्याने ओढून नेलं. पत्रकावर एका जुन्या जमैकन गायकाचं नाव होतं, त्याखाली एका साउंड सिस्टीमचं. मी मनात चित्र रंगवलं: गायक, मागे सात-आठ वादक, ट्रम्पेट वगैरे.

आत गेलो तर स्टेजच नाही. हॉलच्या चारही कोपऱ्यांत माणसापेक्षा उंच लाकडी खोकी रचलेली, सगळ्यांची तोंडं आत. एका बाजूला जमिनीवरच टेबल, त्यावर एकच टर्नटेबल आणि बटणांचा डबा. लोक टेबलाकडे पाठ करून खोक्यांकडे तोंड करून उभे. देवळात गाभाऱ्याकडे बघतात तसे.

गायक कुठाय ते शोधण्यात माझी वीस मिनिटं गेली. टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आजोबा लोकरी टोपी घालून कागदी कपातून काहीतरी पीत बसले होते. मला वाटलं, कोणाचे तरी वडील असावेत. तेच ते!

रेकॉर्ड संपली की पूर्ण शांतता. दुसरी लावेपर्यंत आजोबा बोलायचे, कधी नुसतं हसायचे. मग गाणं. पहिल्या ओळीला डीजेने खालचा सगळा आवाज काढून घेतला, नुसती झांजेची टिकटिक आणि म्हाताऱ्याचा आवाज. दुसऱ्या ओळीच्या शेवटी बेस परत सोडला, तो मला कानात नाही, बरगडीत ऐकू आला. एकदा ते कडवं विसरले. डीजेने सुई खर्रकन मागे ओढली, मी म्हटलं, झाला पोपट. तर लोक आनंदाने खोक्यांवर थापा मारायला लागले आणि गाणं पहिल्यापासून सुरू.

मजा आली, नाही म्हणत नाही. पण घरी येताना एक प्रश्न छळत होता, तो इथे टाकतो. १८ पौंड घेऊन एक माणूस आणि एक रेकॉर्ड. हा कॅराओकेच नव्हे का?

ता. क.: आईला फोनवर म्हटलं, डीजे ऐकायला गेलो होतो. ती म्हणाली, "आत्ता कुठले गणपती तिकडे?"

दीड_शहाणा | रविवार, दुपारी १:२६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आईंना नमस्कार सांगा.

खर्जातला_सा | रविवार, दुपारी २:०५

लिहिलंय झकास, पण उत्तर तुम्हीच दिलंत. कॅराओकेच. आपल्याकडे ट्रॅकवर गाणारे ऑर्केस्ट्रावाले काय कमी आहेत? गाण्यात साथ म्हणून एक गोष्ट असते. तबलजी ऐकतो, बघतो, गवई लांबला तर थांबतो. पेटीवाला दमलेल्या गवयाचा सूर हलकेच उचलून धरतो. रेकॉर्डला कान नसतात.

उंडगा | रविवार, दुपारी ४:४८

सा, 'कॅराओके' मागे घ्या हो. या विषयावर बरीच वर्षं पैसे आणि झोप घालवली आहे, म्हणून लांबण लावतो.

आधी शब्दांचा गुंता. जमैकात रेकॉर्ड लावणारा तो 'सिलेक्टर'. ॲम्प्लिफायर आणि बटणं बघणारा 'ऑपरेटर'. आणि 'डीजे' म्हणजे माईकवर बोलणारा, तालात शब्द फेकणारा! हे सगळे, शिवाय खोकी, ट्रक आणि खोकी उचलणारी पोरं मिळून होतो एक 'साउंड'. म्हणजे चहाबाजचा डीजे तिकडच्या हिशेबाने सिलेक्टर, आणि त्याच्या आईंचा डीजे म्हणजे ट्रॅक्टरवरची भिंत. हाक एकच, ओ देणारे तिघे.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं किंग्स्टन, जमैकाची राजधानी, डोळ्यांपुढे आणा. बँड हॉटेलवाल्यांना परवडायचा, वस्तीतल्या लोकांना नाही. मग अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी, घरी जुळवलेला ॲम्प्लिफायर, कपाटाएवढी खोकी आणि एखादं मोकळं आवार. सुरुवातीच्या मोठ्या साउंडांपैकी 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन'चा मालक टॉम वाँग, चिनी वंशाचा, हार्डवेअरचा दुकानदार. ड्यूक रीड आधी पोलिसात होता, नंतर दारूचं दुकान काढलं. तिसरा कॉक्सन डॉड. चुरस एवढी की चांगली रेकॉर्ड हाती लागली की तिचं लेबल खरवडून टाकायचे, समोरच्याला गाण्याचं नावच कळू नये म्हणून.

आता रेकॉर्डवर बोलायचं कुठून आलं? १९५० च्या दशकात काउंट माचुकी नावाचा गडी अमेरिकन रेडिओ निवेदकांच्या थाटात दोन गाण्यांच्या मधे आणि गाण्यावरही बोलायला लागला. लोकांना ते इतकं आवडलं की माईकवाला हा वेगळा कलाकारच झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रडी रेडवुड नावाच्या साउंडवाल्यासाठी एक तबकडी कापताना इंजिनियरकडून गायकाचा आवाज घालायचा राहून गेला. रेडवुडने ती तशीच नेली. आधी आवाजवाली लावली, मग बिनआवाजाची. सगळा जमाव स्वतः गायला लागला! तिथून गाण्याच्या पाठीमागच्या बाजूवर नुसतं संगीत छापायची रीत पडली, तिला म्हणतात 'व्हर्जन'. त्या रिकाम्या जागेत यू-रॉय शिरला. तो किंग टबीच्या साउंडवर बोलायचा. १९७० मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या जमैकन यादीत पहिल्या तिन्ही जागांवर त्याचीच गाणी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ७८ व्या वर्षी गेला.

तर मुद्दा असा. बँड परवडला नाही म्हणून रेकॉर्ड आली हे खरं. पण पुढे पन्नास-साठ वर्षं त्या रेकॉर्डवर जे काही केलं गेलं ते बँडला जमणारंच नाही, असं माझं मत आहे.

चहाबाज | रविवार, संध्याकाळी ५:१५

उंडगा, दंडवत! एकच शंका. सुई मागे ओढली तेव्हा लोक खूश का झाले?

उंडगा | रविवार, संध्याकाळी ५:२२

अरे, तो वन्स मोअर आहे. संगीत नाटकात नाही का, पद रंगलं की पिटातून आवाज यायचा आणि नटाला परत पहिल्यापासून गावं लागायचं? तसंच. फरक एवढा की इथे गाणं संपायची वाट बघत नाहीत. दोन ओळी झाल्या, लोक पेटले, की ओढ मागे. तुझ्या आजोबांनी कडवं विसरल्यावर सिलेक्टरने मुद्दाम ओढली असणार. लोकांना वाटलं वन्स मोअर, आजोबांना मिळाली आठवायला अर्धी मिनिट. सा, याला काय म्हणायचं?

खर्जातला_सा | रविवार, संध्याकाळी ७:४०

ह्म्म. याला साथ म्हणायचं हे कबूल. पण ही अडचणीतून सोडवण्याची साथ झाली. रोजच्या चालीतली कुठे आहे?

टॉपवाला | रविवार, रात्री ११:५५

मी १२ वर्षं डॉल्बी चालवलाय, सांगली-मिरज पट्ट्यात. (पुण्या-मुंबईकडं डीजे म्हणत्यात, आमच्याकडं डॉल्बी. कंपनीचा त्याच्याशी काय संबंध न्हाई.) आता धंदा बंद केलाय, बॉक्स शेडात धूळ खात पडल्यात. त्यामुळं गाण्यातलं सोडा, पेटीतलं सांगतो.

आमची भिंत असते एका तोंडाची. मिरवणुकीत आवाज पुढं लांब फेकायचा, मागच्या मंडळाला दाबायचं, एवढंच काम. बेस, मिड, टॉप (म्हणजे खालचा, मधला, वरचा आवाज) सगळं एकदम उघडं, आणि संध्याकाळी जे उघडलं ते विसर्जनापर्यंत उघडंच. मी १२ वर्षांत बेस एकदा पण मुद्दाम बंद केला न्हाई. बंद झाला म्हणजे जनरेटर गेला किंवा फ्यूज उडाला.

ह्या जमैकावाल्यांच्या मांडणीचे व्हिडिओ मी लय बघितलेत. त्यांच्या टेबलावर जो डबा असतोय तो प्रीॲम्प. साध्या मिक्सरला मंद फिरणारी बटणं असतात, ह्याला बेस, मिड, टॉप अशा आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या तोडायची सोय. बोट दाबलं की बेस गेला, सोडलं की आला. जोडीला इकोचं मशीन. जुन्या मशीनमध्ये टेपची पट्टी आत गोल फिरत असते, माणसानं शब्द टाकला की चार वेळा परत येतो. म्हणजे सासाहेब, रेकॉर्डला कान न्हाईत, पण त्या डब्यावरच्या माणसाला हायत. गायकानं श्वास घेतला की तिथं इको सोडायचा, ओळ महत्त्वाची आली की खालचं सगळं काढून घ्यायचं. ते तोंडाकडं बघूनच होतंय. आमच्या भिंतीवर बघायला तोंडच नव्हतं.

बॉक्सचं पण सांगतो. त्यांचा आवडता बॉक्स स्कूप. १८ इंची स्पीकर वर पुढं तोंड करून, पण त्याच्या पाठीचा आवाज लाकडाच्या वळणदार बोगद्यातनं फिरून खालच्या मोठ्या तोंडातनं बाहेर येतो. असा बोगदा कशाला? ५० हर्ट्झचा सूर म्हणजे जवळजवळ ७ मीटर लांब लाट. एवढी लाट छोट्या डब्यातनं ढकलायची म्हणजे वॉट जाळायचे. ३ डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतो, डिझेल पण त्याच हिशेबानं. लाकडानं जे काम होतंय ते वॉटवर कशाला करायचं. लंडनच्या सॅक्सन साउंडच्या पेट्या बनवणाऱ्यांत एक सुतारकाम शिकलेला पोरगा होता, तो पुढं मॅक्सी प्रीस्ट म्हणून गायक झाला. आमच्यातला सुतार काय गायला लागला न्हाई अजून.

दीड_शहाणा | सोमवार, सकाळी ७:५०

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). टॉपवाला, वेगळा धागा काढा राव.

तिसरा_मजला | सोमवार, सकाळी ९:३२

सगळ्यांचं कौतुक वाचून झालं. आता ज्यांच्या खिडकीखाली हे सगळं होतं त्यांच्या वतीने.

आमची इमारत विसर्जन मार्गावर आहे. सासूबाई ८१ वर्षांच्या. काचा थरथरतात, त्यांना आतल्या खोलीत कापसाचे बोळे घालून बसवावं लागतं. ध्वनिप्रदूषण नियम सन २००० पासून आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. कागदावर सगळं चोख आहे.

कानांचं गणितही सांगते, कारण मी याच क्षेत्रात काम करते. ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतात असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. चहाबाज, तुम्ही किती तास होतात तिथे?

चहाबाज | सोमवार, दुपारी १२:०४

चार. 🙈

दारात फोमचे बोळे फुकट ठेवले होते, मी रुबाबात नको म्हटलं. मित्राने, जो लहानपणापासून जातो, निमूट घातले. पुढच्या वेळी मीही.

पण ताई, एक फरक सांगतो. हा कार्यक्रम चार भिंतींच्या आत, तिकीट काढून आलेल्यांसाठी. रस्त्यावरचं म्हणाल तर लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये १९७३ पासून चौकाचौकांत साउंड सिस्टीम असतात, पण मित्र म्हणाला, संध्याकाळी ७ ला सगळ्या बंद म्हणजे बंद. उन्हं असतात अजून!

तिसरा_मजला | सोमवार, दुपारी १२:१५

७ ला बंद? मी चहा पाजायला खाली उतरेन.

लाल_डबा | सोमवार, रात्री १०:२०

रत्नागिरीकडचा आहे, म्हणून हे वाचताना सारखा शक्ती-तुरा आठवत होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मधे शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले बसतात, भोवती पायात घुंगरू बांधलेली पोरं फेर धरतात. समोर दुसरं मंडळ. एक शक्तीचा पक्ष, एक शिवाचा. या शाहिराने सवाल टाकायचा, पुराणातला नाहीतर खोचक, आणि त्याने त्याच रात्री गाण्यातच जवाब द्यायचा. नाही जमलं तर गावभर नाचक्की. उजाडेपर्यंत चालतं.

साउंडवाल्यांचं पण असंच असतं ना, दोन साउंड समोरासमोर?

उंडगा | सोमवार, रात्री १०:५२

लाल डबा, अगदी नेमकं! त्याला 'क्लॅश' म्हणतात. आणि तिथला दारूगोळा म्हणजे 'डबप्लेट', मऊ लॅकरचा थर दिलेली एकुलती एक तबकडी. तू एखाद्या नावाजलेल्या गायकाला गाठायचं, पैसे द्यायचे आणि त्याचं गाजलेलं गाणं शब्द फिरवून गाऊन घ्यायचं: अमुक साउंडला कोणी हात लावू शकत नाही, समोरच्याने घरी जावं, वगैरे. ती तबकडी जगात फक्त तुझ्याकडे. काही डझन वेळा वाजवली की खाचा झिजून जातात. म्हणून साउंडवाले त्या जपून, नेमक्या घटकेला काढतात.

चहाबाज, तुझ्या 'बँड कुठाय'चं अर्धं उत्तर यात आहे. म्हाताऱ्या गायकांची गेली कित्येक वर्षं या साउंडांनीच चूल पेटती ठेवली. आठ वादकांची विमानतिकिटं, व्हिसे, खोल्या यापेक्षा एक माणूस, एक बॅग, आणि जिथे उतरेल तिथला साउंड. त्या सिलेक्टरला याची सगळी गाणी, गाण्यांमागच्या चाली, कुठल्या सालात आवाज कुठवर चढायचा हेसुद्धा पाठ असतं.

क्लॅशमधली माझी आवडती गोष्ट म्हणजे १९९९ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड क्लॅशमध्ये जिंकलं कोण, तर योकोहामाचा 'मायटी क्राउन'. जपानी!

लाल_डबा | सोमवार, रात्री ११:०३

म्हणजे उद्या देवरुखच्या शक्ती-तुऱ्यात ओसाकाचं मंडळ येऊन जवाब देऊन गेलं तर! आमचे बुवा झोपायचे नाहीत महिनाभर.

मांडवी | मंगळवार, सकाळी ८:१५

गोव्यातून लिहितेय. आमच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये जे रेगे लागतं ते म्हणजे मार्लेची तीच पाच गाणी, फेणीबरोबर तोंडी लावायला. ते धरू नका. पण दिल्लीत २००९ साली 'रेगे राजाज' म्हणून साउंड सुरू झाला, त्याच मंडळींनी २०१६ पासून गोव्यात 'सनस्प्लॅश' महोत्सव भरवला आणि नंतर जमैकन पद्धतीची खोकी बांधून स्वतःची सिस्टीम उभी केली, 'टेन थाउजंड लायन्स'. मी एकदा ती ऐकली आहे. मोकळ्या जागेत, नारळाखाली. चहाबाज म्हणतात ते बरगडीचं शंभर टक्के खरं. आणि तरीही खोक्यांसमोर उभं राहून शेजारणीशी बोलता येत होतं, हे मला सर्वात नवल वाटलं.

अवांतर: जमैकात 'गांजा' हा शब्द आपल्याकडूनच गेला. १८४५ साली 'ब्लंडेल हंटर' जहाजाने पहिले गिरमिटिये (करारावर नेलेले भारतीय मजूर) तिथे उतरले, बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारकडचे. चिलीमही त्यांचीच. डीजेंमधला सुपर कॅट त्यांच्यापैकीच भारतीय रक्ताचा, त्याला 'वाइल्ड अपाचे' म्हणायचे. त्यावरून बर्मिंगहॅमच्या पंजाबी पोराने 'अपाचे इंडियन' नाव घेतलं. नव्वदच्या दशकात आपण सगळे नाचलोय त्याच्यावर, लाजू नका.

टॉपवाला | मंगळवार, सकाळी ८:४०

बोलता येतं कारण मिड ओरडत न्हाई. कानाला टोचतो तो मिड आणि टॉप. आमच्याकडं फाटेपर्यंत चढवत्यात. बेस कितीही असू दे, तो बोलण्याच्या पट्टीत येत न्हाई.

(ताईंच्या काचा मात्र बेसनंच थरथरतात, हे पण खरं. कबूल करतो.)

खर्जातला_सा | मंगळवार, दुपारी ३:३०

दोन दिवस या धाग्यामुळे जुने यू-रॉय ऐकतोय. काही कबुल्या आणि एक तक्रार.

कबुली अशी की टॉपवाले म्हणतात ते मला ऐकू आलं. बेस काढून घेतला की गायक उघडा पडतो आणि त्याच क्षणी त्याचं वय कळतं. ही जोखीम आहे, कॅराओकेत ती नसते. आमच्याकडे उतारवयातल्या गवयामागे तंबोऱ्यावर शिष्य बसतात. गुरूंचा श्वास संपला की सूर हळूच उचलतात, गुरूंचा झाला की सोडतात. त्यातली खरी विद्या उचलण्यात नाही, सोडण्यात आहे. त्या डब्यावरच्या माणसाचं बोट तेच करतंय असं वाटलं.

तक्रार ही की एकाच चालीवर वीस-वीस जण गातात! नवीन चाल बांधायचा इतका कंटाळा?

लाल_डबा | मंगळवार, दुपारी ४:०२

सा, भजनाची वही उघडून बघितलीत का कधी? प्रत्येक अभंगावर कंसात "चाल:" आणि पुढे दुसऱ्याच गाण्याचं नाव. आरत्या तर सिनेमाच्या चालींवर म्हणून झाल्या. चाल सगळ्यांची, शब्द ज्याचे त्याचे.

उंडगा | मंगळवार, रात्री ९:३५

लाल डबा, माझं काम हलकं केलंस. तिकडे चालीला 'रिदिम' म्हणतात आणि तिला स्वतंत्र नाव असतं. १९७३ मध्ये अँसेल कॉलिन्सने वाजवलेली 'स्टॅलॅग' नावाची चाल आहे, तिच्यावर किती जण गायले याची मोजदाद नाही. त्यातल्या एकीची गोष्ट सांगायलाच हवी.

सिस्टर नॅन्सी. १९६२ चा जन्म, किंग्स्टन, घरात पंधरा भावंडं. भाऊ ब्रिगेडियर जेरी माईकवर नाव कमावून होता, त्याच्यामागून ही पोरसवदा मुलगी साउंडवर उभी राहिली. माईक पुरुषांच्याच हाती असायचा तो काळ. १९८२ मध्ये तिच्या पहिल्या अल्बमसाठी एक गाणं कमी पडत होतं, म्हणून स्टॅलॅगवर ऐनवेळी तोंडाला येईल तसं 'बॅम बॅम' गायली. पुढे ते गाणं जगभर गेलं. सिनेमात आलं, २०१६ मध्ये कान्ये वेस्टने आणि २०१७ मध्ये जे-झीने त्याचे तुकडे वापरले. बाई मात्र १९९६ मध्ये अमेरिकेत आली आणि न्यू जर्सीत बँकेत हिशेब लिहीत होती. गाण्याचे पैसे तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. एका बुटांच्या जाहिरातीत स्वतःचं गाणं ऐकल्यावर २०१४ च्या सुमारास तिने वकील केला, तेव्हा कुठे तीस-बत्तीस वर्षांनी हक्काचा वाटा पदरात पडला. नोकरी सोडली आणि परत रस्त्याला लागली, साउंडबरोबर. पन्नाशी उलटल्यावर. एक बाई, एक माईक, रेकॉर्ड लावणारा एक.

चाल सगळ्यांची हे गोड आहे, सा. पैसे कोणाचे हे कोणी लिहून ठेवत नव्हतं. तुझ्या तक्रारीत मी ही भर घालतो.

चहाबाज | बुधवार, सकाळी ११:४५

मित्राला हा सगळा धागा तोंडी सांगितला. शिष्य-तंबोऱ्याचा भाग त्याला फार आवडला. म्हणाला, त्या रात्रीचे दोघे बरीच वर्षं एकत्र फिरताहेत. आजोबा खुर्चीवरून उठले नाहीत, नुसती मान हलवली, तरी डीजे पुढची रेकॉर्ड बदलतो. आणि एक सांगितलंन ते मला दिसलंच नव्हतं. शेवटच्या तासाभरात डीजेने त्याच वेगाच्या पण खालच्या पट्टीतल्या चाली निवडल्या होत्या, आजोबांचा गळा बसायला लागला म्हणून. मी तेव्हा बोळे नको म्हणण्यात गर्क होतो.

'कॅराओके' मागे घेतो. १८ पौंड वसूल.

टॉपवाला | शनिवार, रात्री ९:१०

धागा थंड झालाय पण एक सांगायचं होतं. शेडातले दोन बॉक्स पुसून काढले. जुना मिक्सर, त्यावर बेस तोडायला एक साधं बटण जोडून घेतलं. आमच्या गावात भजनाचे बुवा आहेत, वय ७२, आवाज अजून खडा. त्यांच्याच मंडळाचा पखवाज आणि टाळ आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला, आणि त्यांना म्हटलं, बुवा, आज पखवाजवाल्याला सुट्टी, माझ्याबरोबर म्हणा.

पहिल्या चरणाला बेस तोडला. बुवा गायचे थांबले, म्हणाले, "लाईट गेली काय रे?"

परत सुरू. दुसऱ्यांदा तोडला, ते थांबले न्हाईत, पण सोडताना माझी अर्धी मात्रा चुकली. माझ्याकडं असं बघितलं की डॉल्बीच्या १२ वर्षांत पोलिसांनी पण बघितलं नसंल. तिसऱ्यांदा त्यांनीच हात वर केला, थांब म्हणून. मी तोडला. चार ओळी नुसत्या गळ्यानं म्हटल्या, शेडात पत्र्यावर पाखरू बसलेलं ऐकू येत होतं. मग हात खाली आणला. ह्या वेळेला बरोबर समेवर सोडला.

बुवा म्हणाले, पुढच्या एकादशीला आण. पखवाजवाला रुसलाय, त्याचं बघतो काय करायचं.

खर्जातला_सा | शनिवार, रात्री ९:२२

रेकॉर्डिंग टाका. विनंती नाही, आज्ञा समजा.

तिसरा_मजला | शनिवार, रात्री ९:३०

किती वाजता होतं हे?

टॉपवाला | शनिवार, रात्री ९:३४

संध्याकाळी साडेपाच. सातला वायर गुंडाळून ठेवली ताई. आता चहा पाजायचं बघा.